मिलक्रीक कॅनियन : कुत्र्यांसह शरदातला एक दिवस, गाडीमागे ५ डॉलर

अमेरिकेच्या युटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटीच्या पूर्वेला वॉसॅच पर्वताची रांग शहराला जवळजवळ चिकटून उभी आहे आणि तिच्यातल्या अनेक दऱ्या शहराच्या बाजूला उघडतात. मिलक्रीक कॅनियन ही त्यांतली सर्वांत भव्य दरी नव्हे. कड्यांची उंची, बर्फ आणि तळी या बाबतींत दक्षिणेकडच्या बिग कॉटनवुड आणि लिटल कॉटनवुड या दोन्ही दऱ्या तिच्याहून सरस आहेत. तरीही घरात कुत्रे असेल, शरदातली सकाळ स्वच्छ उजाडली असेल आणि आजच कुठेतरी बाहेर पडावेसे वाटत असेल, तर मी दुसऱ्या दरीचा विचार करत नाही. गाडीमागे ५ डॉलर शुल्क आहे आणि ते आत शिरताना नव्हे, तर परत निघताना दरीच्या तोंडाशी असलेल्या नाक्यावर द्यायचे असते. चालायला जाण्यासाठी आरक्षण लागत नाही आणि परवानाही लागत नाही. पाहावी लागते ती फक्त तारीख.

तारखेचे हे प्रकरण नवख्याला चमत्कारिक वाटते, म्हणून आधी तेच सांगते. महिन्याच्या विषम तारखांना मिलक्रीकच्या पायवाटांवर कुत्र्यांना पट्ट्याविना मोकळे सोडता येते. सम तारखांना कुत्री आणता येतात, पण पट्टा सोडता येत नाही. दरीच्या वरच्या टोकाला असलेल्या बिग वॉटर वाटेवर याच्या बरोबर उलट सोय सायकलींसाठी केलेली आहे आणि त्या तिथे केवळ सम तारखांना येऊ शकतात. उतारावरून वेगाने येणारी सायकल आणि वाटेच्या मधोमध वास घेत उभे राहिलेले कुत्रे यांची गाठ पडू नये, असा यामागचा सरळ हेतू आहे आणि माझ्या अनुभवाप्रमाणे तो बहुतांशी साधतो. मोकळीक अर्थात वाटेला लागल्यानंतरची आहे. वाहनतळावर, सहलीच्या जागांवर आणि पायवाटेच्या सुरुवातीच्या वर्दळीत विषम तारखेलाही पट्टा हातात असावा लागतो, आणि कुत्रे हाकेसरशी परत येणारे असावे ही अपेक्षा तर सर्वत्र आहे.

या व्यवस्थेतली मला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे तिचे गणित. सम तारखेनंतर येणारा दिवस नेहमी विषमच असतो, मग मध्ये महिना बदलो वा न बदलो. त्यामुळे शनिवार-रविवारच्या जोडीत निदान एक दिवस विषम निघतोच आणि नोकरदार माणसाचा आठवडा कधी पूर्ण वाया जात नाही. ज्या महिन्यांना ३१ दिवस असतात त्यांच्या शेवटी दोन विषम दिवस लागोपाठ येतात, पण शरदात या योगाचा उपयोग होत नाही. ३१ ऑगस्ट आणि १ सप्टेंबरला पानांनी रंग धरलेला नसतो, आणि ३१ ऑक्टोबरनंतर १ नोव्हेंबर उजाडला की दरीच्या वरच्या भागात जाणाऱ्या रस्त्याचे फाटक हिवाळ्यासाठी बंद झालेले असते. ज्यांना ऐनवेळी ठरवून निघायची सवय आहे त्यांनी भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे एक नजर टाकून निघावे; तिथी-वार-नक्षत्र राहू द्या, इंग्रजी तारीख तेवढी पाहिली तरी पुरते.

हीच मुभा शेजारच्या दऱ्यांत का नाही, याचे कारण पाणी आहे. बिग कॉटनवुड आणि लिटल कॉटनवुडमधून वाहणारे ओढे शहराच्या नळांना पाणी पुरवतात, म्हणून त्या पाणलोट क्षेत्रात कुत्र्यांना पूर्ण बंदी आहे आणि ही बंदी गाडीत बसलेल्या कुत्र्यालाही लागू होते. मिलक्रीकचे पाणी शहराच्या पिण्याच्या पुरवठ्यात घेतले जात नाही, आणि केवळ त्यामुळे या एका दरीच्या वाट्याला संपूर्ण खोऱ्यातली कुत्री आली आहेत. बाहेरगावाहून येणाऱ्यांना हे ठाऊक नसते. कॅलिफोर्नियाच्या बे एरियातून आपली बरीच मराठी कुटुंबे युटाचा दौरा गाडीने करतात, हल्ली त्यांच्यापैकी अनेकांसोबत कुत्रेही असते, आणि मग झायन नॅशनल पार्कमध्ये कुत्र्याला नेता येणारी पायवाट पारूस ही एकच आहे किंवा ब्राइस कॅनियन नॅशनल पार्कमध्ये त्याला केवळ फरसबंद वाटांवरच नेता येते, हे तिथे पोहोचल्यावर कळते. अशा प्रवासात सॉल्ट लेक सिटीचा मुक्काम असेल तर एक दिवस मिलक्रीकसाठी ठेवावा, असे मी आग्रहाने सांगते. आठवडाभर मागच्या आसनावर बसून कंटाळलेल्या कुत्र्याला धावायला मिळेल अशी दुसरी चांगली जागा त्या वाटेवर मला ठाऊक नाही.

आमची यंदाची सहल अशीच ठरली. ऑक्टोबरच्या सुरुवातीचा रविवार होता. धाकटी बहीण पुण्याहून आलेली होती आणि चहाचा कप हातात घेऊन खिडकीतून डोंगराकडे पाहता पाहता ती म्हणाली, “ताई, तो डोंगर खाली लाल आणि वर पिवळा का दिसतो गं?” या प्रश्नाला घरात बसून उत्तर देण्यात अर्थ नव्हता. तारीख विषम होती. आमचा चिकू हा निवारागृहातून आणलेला मिश्र जातीचा कुत्रा आहे आणि शेजाऱ्यांचा लॅब्रॅडॉर त्या दिवशी आमच्याकडेच मुक्कामाला होता, त्यामुळे दोघांचे पट्टे, पाण्याचे भांडे आणि थोडा शिधा एवढे गाडीत टाकून आम्ही निघालो. शहराच्या मध्यापासून दरीच्या तोंडापर्यंत जायला अर्ध्या तासापेक्षा कमी वेळ लागतो, आणि या दरीच्या बाजूने बोलणारा हा मोठा मुद्दा आहे; ज्या सहलीला तीन तास गाडी चालवावी लागते ती अशी आयत्या वेळी ठरवता येत नाही.

बहिणीच्या प्रश्नाचे उत्तर रस्त्यावरच मिळत गेले. दरी पश्चिमेकडून पूर्वेकडे चढत जाते, त्यामुळे तिच्या दोन बाजू दोन वेगळ्या प्रदेशांसारख्या आहेत. रस्त्याच्या डावीकडचा उतार दक्षिणेला तोंड करून दिवसभर ऊन खातो, म्हणून तिथे बुटके ओक आणि मेपल आहेत. उजवीकडच्या सावलीतल्या उतारावर फर या सूचिपर्णी झाडांची दाट गर्दी आहे आणि ती बारमाही हिरवी राहते. मेपल खालच्या उंचीवर सप्टेंबरच्या उत्तरार्धातच लाल होऊ लागतात, तर ॲस्पेनची झाडे वरच्या टप्प्यात, साधारण त्याच सुमाराला, पिवळी पडतात. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात दोन्ही रंग एकाच चढावर पाहायला मिळण्याची शक्यता बरीच असते, पण एका रात्रीच्या जोरदार वाऱ्याने ॲस्पेनची पाने गळूनही पडतात, तेव्हा नेमका दिवस सांगण्याच्या फंदात कोणी पडू नये. आपल्याकडे याच दिवसांत ऑक्टोबर हीट चालू असते हे सांगायला नको. इथे सकाळी नऊ वाजता दरीच्या सावलीत बोटे गारठत होती आणि अकरा वाजता उन्हात स्वेटर काढावा लागला. सोबत कपड्यांचे दोन-तीन थर हवेत, एक जाड जाकीट नको.

नाक्यापासून रस्त्याच्या शेवटापर्यंतचे अंतर सुमारे ९ मैल आहे. पहिला अर्धा भाग ठीक आहे. हिवाळी फाटक ओलांडल्यावर मात्र रस्ता अरुंद आणि वळणावळणाचा होतो, समोरून गाडी आली की दोघांनाही वेग उतरवावा लागतो, आणि कडेने चालणारी माणसे, सायकली आणि कुत्री यांची भर पडते. घाटात गाडी चालवलेल्या माणसाला याची भीती वाटणार नाही, पण घाईत असलेल्याला वैताग येईल. या वरच्या रस्त्याच्या सुधारणेचे काम हाती घेतलेले आहे; म्हणून निघण्यापूर्वी रस्ता कुठपर्यंत उघडा आहे हे सॉल्ट लेक काउंटीच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावे. दरीत शिरल्यावर फोनला संदेशवहन मिळत नाही, त्यामुळे नकाशा आधीच उतरवून ठेवावा आणि दोन गाड्यांनी जात असाल तर भेटण्याची जागा घरीच ठरवावी.

आम्ही रस्त्याच्या टोकाला गाडी लावून बिग वॉटर वाटेने डॉग लेकपर्यंत गेलो. मिलक्रीकमध्ये एकच वाट करायची असेल तर ही करावी. सुरुवातच सुमारे ७,६०० फुटांवर होते आणि तळे साधारण ८,७०० फुटांवर आहे. एका बाजूचे अंतर ३ मैलांच्या आसपास भरते. चढ सौम्य आहे आणि वाट रुंद, मातीची, वळसे घेत जाणारी आहे, त्यामुळे दम लागतो तो उंचीमुळे, चढामुळे नव्हे. पुण्या-मुंबईहून नुकत्याच आलेल्या माणसाने पहिल्या मैलात मुद्दाम हळू चालावे. शहर स्वतःच सव्वाचार हजार फुटांवर असले तरी एक-दोन दिवसांत शरीराला तेवढी सवय होत नाही. बहिणीला ते जाणवले आणि तिच्यामुळे आम्ही जे वारंवार थांबलो त्याचा फायदा असा झाला की कुत्र्यांनाही पाणी वेळेवर मिळत गेले.

पट्टा सोडल्यावर कुत्र्यांचे चालणे कसे बदलते हे पाहण्यासारखे असते. पट्ट्यात असताना चिकू सतत पुढे ओढत राहतो. मोकळा सोडला की पन्नास पावले पुढे जातो, वळून पाहतो, आम्ही येत आहोत याची खात्री करतो आणि पुन्हा पुढे जातो; आमचे तीन मैल झाले तेव्हा त्याचे सहा नक्की झाले असतील. शेजाऱ्यांच्या लॅब्रॅडॉरला वाटेपेक्षा ओढ्यात अधिक रस होता. वाट सुरुवातीला ओढ्याच्या जवळून जाते आणि पाणी शरदातही थांबत नाही, त्यामुळे त्याला भिजण्याची संधी वारंवार मिळाली. ॲस्पेनच्या पट्ट्यात पोहोचल्यावर वाटेवर पानांचा जाड थर होता आणि त्यात दोन्ही कुत्री लोळली, हे मी तक्रार म्हणून सांगत नाही, परंतु गाडीच्या आसनावर जुनी चादर घालणे शहाणपणाचे ठरले.

डॉग लेकविषयी मात्र अपेक्षा माफक ठेवाव्यात. नाव ऐकून जे डोळ्यांसमोर येते तसे काही तिथे नाही. ते झाडांनी वेढलेले एक लहानसे, उथळ तळे आहे, उन्हाळाभर आटत जाते आणि शरदापर्यंत त्याच्या काठाशी चिखलच अधिक उरतो. कुत्र्यांना अर्थातच त्याची पर्वा नसते. काठावर डझनभर कुत्री पाण्यात ये-जा करत होती, त्यांचे मालक ओंडक्यांवर बसून खात होते, आणि प्रत्येक कुत्रे अंग झाडायला नेमके अनोळखी माणसाजवळ जात होते. ज्याला निवांत तळे पाहायचे आहे त्याने इथे येऊ नये. एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे: याच तळ्याकडे दक्षिणेच्या बाजूने, बिग कॉटनवुडमधूनही वाट येते, पण त्या बाजूला कुत्र्यांना बंदी असल्यामुळे जिकडून चढलो तिकडूनच उतरावे लागते. पलीकडे उतरून दुसऱ्या गाडीने परतण्याचा बेत कुत्र्यासह करता येत नाही.

आता तक्रारींकडे वळते. पहिली आणि सर्वांत गंभीर तक्रार दरीच्या व्यवस्थापनाविषयी नाही, आपणा कुत्रे पाळणाऱ्यांविषयी आहे. विष्ठा पिशवीत भरायची, पिशवीला गाठ मारायची आणि “परतताना उचलू” असे म्हणून ती वाटेच्या कडेला ठेवून पुढे जायचे, ही सवय इथे इतकी रुळली आहे की पहिल्या मैलातच रंगीत पिशव्यांची रांग दिसते. त्यांतल्या कितीतरी परतीच्या वाटेवरही जागच्या जागीच होत्या. उघड्यावर पडलेली विष्ठा पावसाने निदान कधीतरी विरते. पिशवीतली तशीच राहते. वाटेच्या सुरुवातीला कचऱ्याचे डबे आहेत, तेव्हा पिशवी पाठीवरच्या सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात घालून खाली आणणे एवढेच काम असते. मिलक्रीकचा ओढा ओढाच आहे, तो खाली जाऊन खोऱ्यातल्या नदीलाच मिळतो, आणि कुत्र्यांना ही मुभा कायम राहावी असे ज्यांना वाटते त्यांनीच ती धोक्यात आणावी हे मला समजत नाही.

दुसरी गोष्ट “घाबरू नका, तो काही करत नाही” असे लांबून ओरडून सांगणाऱ्या मालकांची. आपले कुत्रे प्रेमळ आहे हे खरे असेल, पण समोरच्या माणसाला ते ठाऊक नसते, आणि समोरच्या कुत्र्यालाही नसते. विशेषतः आई-वडील किंवा सासू-सासरे भारतातून आलेले असतील तर विषम तारखेला त्यांना इथे आणताना दोनदा विचार करावा. गावात किंवा शहरात भटक्या कुत्र्यांच्या टोळीतून वाट काढत ज्यांनी आयुष्य घालवले आहे, त्यांना चहूबाजूंनी धावत येणारी मोकळी कुत्री पाहून आनंद होईल अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. त्यांच्यासाठी सम तारीख उत्तम. कुत्रे हाकेला नीट प्रतिसाद देत नसेल तर त्याच्या मालकासाठीही सम तारीखच उत्तम, आणि त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. पट्टा लांब असला की कुत्र्याला विशेष फरक पडत नाही.

गाडी लावण्याची जागा हा तिसरा मुद्दा. शरदातला विषम शनिवार किंवा रविवार असेल तर सकाळी दहानंतर वरच्या वाहनतळात जागा मिळण्याचा भरवसा धरू नये. रस्ता अरुंद असल्यामुळे कडेला गाडी दामटणे धोक्याचे आहे आणि ठिकठिकाणी मनाईही आहे. मनाई नसतानाही जिथे दोन गाड्या एकमेकींना ओलांडू शकत नाहीत तिथे तिसरी उभी करू नये, हे सांगावे लागते हेच खेदाचे. आम्ही लवकर निघालो होतो म्हणून निभावले. उशीर झाला असेल तर वर जाण्याचा हट्ट सोडून खालच्या टप्प्यातली पाइपलाइन वाट धरावी.

पाइपलाइन वाटेविषयी थोडे अधिक लिहायला हवे, कारण अनेकांना ती बिग वॉटरहून जास्त उपयोगी पडेल. दरीतल्या पाण्यावर वीज निर्माण करण्यासाठी पूर्वी जो पन्हळमार्ग काढला होता, त्याच्या मार्गावरून ही वाट जाते; पाणी उताराने वाहते ठेवायचे तर मार्ग जवळजवळ सपाट लागतो, म्हणून वाटही जवळजवळ सपाट आहे. रॅटलस्नेक गल्च, चर्च फोर्क, बर्च हॉलो आणि एल्बो फोर्क या चार ठिकाणांहून तिच्यावर चढता येते. सुरुवातीचा छोटा चढ सोडला तर पुढे वयस्कर माणसे आणि म्हातारी कुत्रीही आरामात चालतात. पश्चिमेकडच्या टोकाला गेले की दरी संपून खाली सारे खोरे उघडे पडते. दोन बाबी मात्र ध्यानात ठेवाव्यात. वाट उन्हाच्या उतारावर आहे, त्यामुळे सप्टेंबरात दुपारी तापते आणि वाटेत पाणी नाही. शिवाय इथे सायकली केवळ सम तारखांपुरत्या मर्यादित नाहीत, तेव्हा बिग वॉटरसारखी निश्चिंती इथे मिळत नाही. वळणावर कुत्र्याला जवळ बोलावून घ्यावे.

ज्यांना शिखर हवे त्यांच्यासाठी चर्च फोर्कमधून ग्रँडर पीक आहे. उंची ८,२९९ फूट, वरून शहर आणि दूरवर ग्रेट सॉल्ट लेक दिसते. पण चढ बिग वॉटरच्या दुपटीहून अधिक आहे आणि वरचा भाग उघडा, खडकाळ आहे. सवयीच्या कुत्र्यासाठी ही वाट चांगली, दिवाणखान्यातल्या कुत्र्यासाठी नाही.

खाण्यापिण्याची सोय म्हणाल तर ती स्वतःच करावी. दरीत लॉग हेवन नावाचे नामवंत उपाहारगृह आहे, १९२० मध्ये ओंडक्यांचे घर म्हणून बांधलेल्या वास्तूत ते चालते, पण चिखलाचे बूट आणि भिजलेली कुत्री घेऊन संध्याकाळच्या जेवणाला जाण्याची ती जागा नव्हे. लग्नाच्या वाढदिवसाला, कुत्र्यांना घरी ठेवून जावे. सहलीच्या जागा मात्र रस्त्याच्या कडेने थोड्या थोड्या अंतरावर आहेत आणि सुंदर आहेत. त्यांतल्या काहींचे दगडी बांधकाम १९३० च्या दशकातल्या मंदीत बेरोजगार तरुणांकडून करवून घेतलेल्या सरकारी कामांतले आहे आणि ते अजून भक्कम उभे आहे. आम्ही परतताना ओढ्याकाठच्या एका टेबलावर बसलो. बहिणीने सकाळी घाईत लावलेली थालीपिठे, दही आणि बेसनाचे लाडू असा बेत होता. इथे एक सूचना करणे आवश्यक आहे, कारण आपल्या डब्यातले बरेचसे पदार्थ कुत्र्यांना चालत नाहीत: थालीपिठातला कांदा आणि लसूण त्यांना विषारी असतो आणि लाडवातला बेदाणा तर त्याहून वाईट. डोळे कितीही केविलवाणे केले तरी तुकडा देऊ नये. फोडणी न घातलेला साधा दहीभात दोघांसाठी वेगळा आणला होता. तो एका मिनिटात संपला.

धोक्यांविषयी लिहिताना उगाच घाबरवण्याचा हेतू नाही, पण पाळीव प्राण्यासह जंगलात जाणाऱ्याला चार गोष्टी माहीत हव्यात. या दरीत मूस, म्हणजे हरणांच्या कुळातले प्रचंड प्राणी, आहेत. सप्टेंबर-ऑक्टोबर हा त्यांचा माजाचा हंगाम असतो आणि त्या काळात नर चिडखोर होतो. शिवाय कुत्रे दिसले की मूसला लांडगा आठवतो आणि तो पळून जाण्याऐवजी अंगावर येतो. भुंकत पुढे गेलेले कुत्रे घाबरून परत फिरते ते थेट मालकाकडे, आणि त्याच्यामागे काही शे किलोंचे जनावर येते. मूस दिसला की लगेच पट्टा लावावा आणि झाडांआडून लांबचा वळसा घ्यावा किंवा सरळ मागे फिरावे. खालच्या उन्हाच्या उतारांवर रॅटलस्नेक हे विषारी साप असतात आणि शरदातल्या उबदार दुपारी ते दगडांवर ऊन खायला येतात. रॅटलस्नेक गल्च हे नाव कोणी गमतीने ठेवलेले नसावे. ओढ्याचे पाणी नितळ दिसले तरी त्यात जिआर्डिया हा पोट बिघडवणारा सूक्ष्म परजीवी असू शकतो, म्हणून कुत्र्यांसाठीही घरचे पाणी न्यावे. हे आम्ही पाळायचे ठरवले होते, लॅब्रॅडॉरने ते पाळले नाही. चौथी गोष्ट दिसायला अगदी किरकोळ आहे: वाळलेल्या चीटग्रास नावाच्या गवताची कुसळे. ती कानात, बोटांच्या बेचक्यात शिरतात आणि आत सरकत जातात. घरी परतल्यावर पंजे आणि कान उजेडात नीट तपासायला दहा मिनिटे काढावीत. केसाळ कुत्रे असेल तर वीस.

संध्याकाळी नाक्यावर गाड्यांची रांग होती, पण ती सरकत राहिली. खिडकीतल्या बाईंनी ५ डॉलर घेतले, मागच्या आसनावर एकमेकांवर डोके ठेवून झोपलेल्या दोघांकडे पाहून हसल्या आणि पुढच्या गाडीला खूण केली. हे पैसे काउंटी गोळा करते आणि दरीच्या देखभालीसाठी वनखात्याकडे जातात. स्वच्छतागृहे साधी, पाण्याविना चालणारी आहेत, पण वापरण्याजोगी होती, आणि कचऱ्याचे डबे ओसंडत नव्हते. एवढ्या गर्दीच्या दिवशी एवढे जमते हे मी कमी समजत नाही. वर्षाचा पासही मिळतो. महिन्यातून एकदा जरी जाणार असाल तरी तो घ्यावा. या पैशांतून आणखी एक गोष्ट व्हावी असे मात्र वाटते. कचऱ्याचे डबे वाटेच्या सुरुवातीला आहेत तसे एखाद-दुसरे डबे वाटेच्या पहिल्या अर्ध्या मैलावरही ठेवले, तर ती रंगीत रांग बरीच कमी होईल.

शरदाचा हंगाम फार लांब नसतो. १ नोव्हेंबरपासून वरचे फाटक बंद होते ते थेट १ जुलैला उघडते. फाटकापलीकडचा रस्ता मग गाड्यांसाठी बंद असला तरी चालण्यासाठी आणि पुढे बर्फ पडल्यावर स्कीवर फिरण्यासाठी उघडाच असतो, आणि विषम-समाचा नियम तिथेही तसाच चालू राहतो. पण बिग वॉटरपर्यंत जायचे तर फाटकापासूनचे सगळे मैल पायी तोडावे लागतात. ज्यांना ॲस्पेन पाहायचे आहेत त्यांनी सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून पुढचे दोन आठवडे धरावेत, त्यातली विषम तारीख निवडावी, शक्य असल्यास कामाचा वार निवडावा आणि सकाळी आठपूर्वी घर सोडावे.